थांबली की थरथरते

...आणि वर घरचे मलाच विचारतात, 'तुम्ही हात कशाला लावलात?' अहो, कशाला म्हणजे? गाडी माझी, लेक माझी, डोक्याला ताप माझा! तुम्हाला सांगतो, आमची ती जुनी गाडी चालताना काही नाही हो... चढ म्हणू नका, खड्डे म्हणू नका, हूं की चूं नाही... पण थांबली की! सिग्नलला उभी केली रे केली की इंजिनाला हुडहुडी. स्टेअरिंग हलतंय, आरसा हलतोय, आरशातला मागचा माणूस हलतोय, माझा चष्मा नाकावरून उतरणीला लागलाय, आणि पाय जरा सैल सोडला की फुस्स... बंद! मागून हॉर्नवर हॉर्न. मग करायचं काय? चवडा ब्रेकवर, टाच वाकडी करून अ‍ॅक्सिलरेटरवर, आणि हिरवा दिवा लागेपर्यंत घुर्र घुर्र करत तिला जागी ठेवायची. आमच्या घरात सगळे असेच शिकलेले.

माझं एक ठीक हो, मी काढली असती तशीच. पण लेकीचं काय? ती झालीय फिजिओथेरपिस्ट, नोकरी लागली घरोघरी जाऊन पेशंटना व्यायाम द्यायची, आणि तिथल्या मॅडमनी स्पष्ट सांगितलेलं, 'लायसन दाखव आणि रुजू हो. नाही जमलं तर दुसरी मुलगी तयार आहे.' पोरगी या नोकरीसाठी किती हिंडली ते मला माहीत! आणि तिची टेस्ट कुठल्या गाडीत? याच! टेस्टमध्ये तर सारखं थांबायचंच असतं ना? रेषेवर थांबा, चढावर थांबा, आरटीओचे साहेब म्हणतील तिथे थांबा... आणि आमची बाई चालताना काही नाही, थांबली की!

म्हणून म्हटलं, दुरुस्त करू. चुकलं का माझं काही? मेहुण्याला फोन केला. तो फोनवरूनच, 'भाऊजी, प्लग! डोळे मिटून प्लग बदला!' बदलले. घर्रर्र. शेजारचे काका चहाचा कप घेऊन फाटकाशी आले, 'पेट्रोलमध्ये कचरा असणार, आमच्या गाडीत अस्संच झालेलं.' फिल्टर बदलला. घर्रर्र. मेकॅनिककडे गेलो, तर तो बॉनेटमध्ये डोकंसुद्धा न घालता म्हणतो कसा, 'साहेब, जुनी गाडी आहे, थोडी हलणारच. तुम्ही नाही का सकाळी उठताना कण्हत?' आता याला काय बोलायचं? आलो घरी, बाह्या सरसावल्या, इंजिनात हवा जाते ते तोंड उघडलं, आत ही काजळी! ब्रश घेतला आणि घास घास घासलं... ब्रश माझाच होता, दात घासायचा, ते नंतर कळलं.

घासून गाडी सुरू केली, तर पुन्हा घर्रर्र... आणि आमची ही शेजारी टॉर्च धरून उभी. 'अहो, काहीतरी सुस्स करतंय.'

'करू दे.'

'अहो, कुकरची रिंग चिरली की करतो ना, तसं.'

'तू टॉर्च धर गं! इथे इंजिन उघडलंय, कुकर काय काढतेस मध्येच?'

मग तिनं काय करावं? वाकली, मागच्या बाजूला एक रबरी नळी होती वळणावर चिरलेली, तिच्यावर ठेवलं बोट... आणि इंजिन चालू असून गप्प! बोट उचललं, घर्रर्र. ठेवलं, गप्प. उचललं, घर्रर्र. मग टॉर्च माझ्या हातात दिला आणि कुकर लावायला गेली आत.

नवी नळी बसवली, जुनी हिनं कचऱ्यात दिली, आणि टेस्टच्या आदल्या संध्याकाळी गाडी अशी शांत, अशी शांत, की मीच दोनदा उतरून कान लावला. वाटलं, बापाचं कर्तव्य केलं! आणि दुसऱ्या दिवशी मैदानावर काय झालं? लेक झकास निघाली, आठाचा आकडा काढला, रिव्हर्स घेतला, चालताना काही नाही हो... रेषेवर थांबली की! साहेब म्हणाले, 'हं, निघा.' तिला वाटलं, गाडी बंद पडली! तिच्या जन्मात ती गाडी चालू असून गप्प राहिलेली नाही! फिरवली किल्ली, खर्रर्रर्र! साहेब ओरडले, 'अहो, चालू आहे!' ती दचकली, टाच सवयीनं पडली अ‍ॅक्सिलरेटरवर, आणि गाडीनं जी झेप घेतली ती साहेबांच्या पेनासकट खांबावर. नापास!

घरी येऊन रडली हो. 'बाबा, होती तश्शी करून द्या!' मॅडमच्या हातापाया पडून महिनाअखेरपर्यंतची मुदत आणली तिनं. मी पुन्हा मेकॅनिककडे. तर त्याला आता अब्रू आठवली! 'बिघडवायची कामं आम्ही घेत नाही.' मग काय, सराव. रोज सकाळी मी शेजारी. सिग्नल आला, गाडी थांबली, की पोरीचा हात चालला किल्लीकडे! काय करणार? बापच ना मी? तोंडानं सुरू केलं, 'घर्रर्र... घर्रर्र...', आणि जरा खांदेही हलवले. हात थांबला! हिरवा लागला, पोरगी लोण्यासारखी निघाली. बाजूच्या गाडीतली माणसं काच खाली करून बघायची. बघू देत! त्यांच्या लेकीची नोकरी होती का पणाला?

कालची दुसरी टेस्ट. साहेबांचे पाय धरायचे बाकी ठेवले, 'मागे बसतो, गप्प बसतो.' बसलो. रेषेवर थांबली... तिची मान ताठ, बोटं वळवळायला लागली... आणि मी हळूच, अगदी दाताआडून, घर्रर्र... खांदे, गुडघे, सगळं लावलं कामाला. हात जागेवर! 'निघा.' निघाली! चढावर तेच, वळणावर तेच. पास!

साहेबांनी कागदावर सही केली, तिला म्हणाले, 'गाडी छान ठेवलीय हं. आवाजसुद्धा नाही.' आणि मग माझ्याकडे एकदा नीट बघून, आवाज खाली आणून, 'यांना मात्र कुणाला तरी दाखवून घ्या.'

मी तोंड उघडणार, तेवढ्यात आमची लेक, जिच्यासाठी मी सकाळ-सकाळ चौकाचौकात घरघरलो ती, कागद पर्समध्ये टाकत म्हणते कशी, 'हो साहेब, नेते ना. आता मीच नेते.'