चन्नम्माची बाज अन् हसरा शब्द

…तर ह्या दगडावर बसून बसून माझी कंबर गेली, ते ऐकून घेणारं कुणी हाय का? न्हाय. म्हणून तुमाला सांगते. बसा, पाय पसरून बसा, इथं कुणी तुमाला सरकायला सांगणार न्हाय, ते काम समोरच्या ओसरीत चालतं. ओसरी चन्नम्माची, माझ्या शेजारणीची. दोघी एकाच साली ह्या अणदुरात नांदायला आलो. तिच्या ओसरीत दाराला लागून तिची बाज, अन् बाजेच्या पायथ्याला माझी जागा. तिथनं सगळी गल्ली दिसती… कोण कुणाच्या घरात गेलं, रिकाम्या हातानं परतलं का पदराखाली झाकून परतलं, सगळं.

त्या ओसरीत एक शब्द शिरला अन् सगळा इस्कोट झाला. कोणता शब्द? ॲडजस्ट.

चन्नम्माला त्याचा पहिल्यापासून वहीम. वहीम आला एसटीत. तुळजापुराहून येताना ही खिडकीला ऐसपैस बसलेली, तर एक जाडजूड बाई आली, गोड हसली, "आजी, थोडं ॲडजस्ट करा की." ही सरकली. मग बाईचा नवरा आला, मग पिशवी, मग पिशवीतलं कोंबडं, ते हिच्या मांडीवर. गावात उतरून लंगडत आली अन् म्हणाली, "अक्का, निम्मं बूड गाडीतच राहिलं. हा शब्द हसत येतो अन् काहीतरी घेऊन जातो."

मी म्हणलं, "अगं, शब्दच तो. चोर हाय का?"

"चोर बरा," म्हणाली. "त्याला आपण हातानं काढून देत न्हाय."

आता बघा, खोटं न्हवतं तिचं. आपल्याकडं शब्दांचा काय दुष्काळ पडलाय? सरक म्हणलं की बूड उचलायचं, झालं. भागव म्हणलं की आमटीत पाणी वाढवायचं. चालवून घे म्हणलं की लुगडं फाटकं मिळणार. जमवून घे म्हणलं की नवरा तिरसट. अन् सोस, हे सासू म्हणायची, तोंडावर, डोळ्याला डोळा लावून. काय जाणार ते आधी कळायचं माणसाला. अन् हा? पाव्हणा रुसला, ॲडजस्ट. लाईट गेली, वायरमन म्हणतो, रातभर ॲडजस्ट करा. चन्नम्मानं कवळी बसवली तर डॉक्टर म्हणतो, होईल हळूहळू ॲडजस्ट. कवळी होईल का तोंड, ते न्हाय सांगितलं त्यानं.

आता घरातलं ऐका. चन्नम्माचा थोरला शिवलिंग, त्याची बायको श्रीदेवी. पोरगी कामाची, खोटं कशाला बोलू. सोलापुरात जाऊन पार्लर शिकून आली. पण पार्लर टाकायचं कुठं? तर एका सकाळी चन्नम्माला चहा आला, त्यात विलायची. हिची भुवई तिथंच चढली. विलायची आमच्या गल्लीत एक तर पाव्हण्याला, न्हायतर मरणाऱ्याला. मग शिवलिंग येऊन पायाशी बसला, लग्न झाल्यापासून पहिल्यांदा. अन् धाकटा शिवानंद, नळदुर्गाला नोकरीला असतो, तो पण मोटरसायकलवर हजर. सण न्हाय, वार न्हाय. चन्नम्मा माझ्या कानात म्हणती, "अक्का, उठू नको. काहीतरी जाणार आज."

"अव्वा," शिवलिंग म्हणतो, आवाज असा की गुळाची भेली पाघळली, "ओसरीत श्रीदेवीचं पार्लर काढावं म्हणतो… थोडे दिवस शिवानंदकडं… तुला जरासं ॲडजस्ट…"

"थोडे म्हंजे कवापर्यंत?"

"थोडे म्हंजे… बघू की."

"अन् माझी बाज?"

"बाज काय, ॲडजस्ट करू. मागं, कडब्याशेजारी."

चन्नम्मानं चहा खाली ठेवला. मला वाटलं, आता रडती. रडती कशाची. म्हणाली, "शिवलिंगा, आपला खंडोबा कुठं राहतो रे?"

"इथं. अणदुरात."

"बारा म्हयने?"

"न्हाय. मधी नळदुर्गाला जातो."

"कसा जातो? त्याला कुणी म्हणतं का, देवा, जरा ॲडजस्ट कर? दोन्ही गावचे मानकरी बसतात, कवा न्यायचा, कवा आणून द्यायचा, करार होतो, मग पालखी उठती. देव करार केल्याबगैर अणदूर सोडत न्हाय, अन् मी सोडू?"

श्रीदेवी चुलीकडं पसार.

बाईनं ऐकलं न्हाय, तुमाला सांगते. गल्लीतल्या महांतप्पाला बोलावलं, जाणता माणूस, अन् दोन्ही लेकांच्या हातावर भंडारा ठेवून वदवून घेतलं. संक्रांतीच्या आत अव्वाला आणून सोडायचं, अन् बाज दाराजवळ, हाय तिथंच, वीतभर न्हाय हलवायची. शिवानंद म्हणतो, "अव्वा, गाव हसल." ही म्हणती, "हसू दे. हसत येतो अन् काहीतरी घेऊन जातो, ते मला ठाऊक हाय."

गेली नळदुर्गाला. ओसरीत सुतार, रंगारी, धुरळा… अन् मी? मी ह्या दगडावर. थंडीत दगड म्हंजे काय असतो ते बसल्यावर कळतं. म्हणलं, जाऊ दे, चार दिवसाचा वनवास, संक्रांतीला संपतोय.

अन् आली, भोगीच्या दिवशी, लेकाच्या गाडीवर मागं, पदर डोक्यावर, पालखीत बसल्यावानी. ओसरी वळखू येईना. ही थोरली काच, फिरती खुर्ची, भिंत गुलाबी. पण बाज? बाज दाराजवळ. चन्नम्मानं वीत लावून मोजली. न्हाय हलली. भंडाऱ्याची आण, पाळली पोरांनी. मला तर भरून आलं. म्हणलं, सुटले ह्या दगडातनं. दुसऱ्या दिवशी कंबर धरून उठले, तिळगूळ घेतला, ओसरीत गेले, पायथ्याला टेकायला वाकते… तर तिथं दोन बाया. भुवया कोरायला आलेल्या, नंबर लावून बसलेल्या. कुणाची सून माहेरी गेली, कुणाच्या पोराची सोयरीक मोडली, सगळ्या गावाच्या बातम्या त्याच सांगतायत, अन् चन्नम्मा उशीला रेलून ऐकती, हातात विलायचीचा चहा.

करारात बाज होती. बाजेच्या पायथ्याचं कुणी बोललंच न्हवतं. अन् तवा ओसरीत मी होते की, मी पण न्हाय बोलले.

मी उभी, हातात तिळगूळ. चन्नम्मानं माझ्याकडं बघितलं. त्या बायांकडं बघितलं. परत माझ्याकडं बघितलं.

अन् हसली.

म्या काय वळखलं न्हाय व्हय? तिचं तोंड उघडायच्या आत दगडावर येऊन बसले.