दसऱ्यापासून गाडी चढ चढत नाही

हॅलो? … हो, स्वरूपाच बोलतेय. … पुनम! अगं, बोल ना.

… आई? घरीच आहे की. स्टुलावर चढून पंखे पुसतेय. … फोन? फोन खाली टीव्हीजवळ पडलाय. वाजतो, ती खाली बघते, मामाचं नाव दिसतं, आणि परत पंख्याकडे तोंड. सकाळपासून एकच पातं पुसतेय.

… का म्हणजे? तुला माहीत नाही? … खरंच माहीत नाही, का माहीत नसल्यासारखं करतेयस? … चिडले नाहीये मी. विचारतेय. यंदा वर्गाची मॉनिटर झाल्यापासून मला चौकशीची सवय लागलीय, आणि तू माझी सख्खी मामेबहीण असलीस तरी सवलत नाही.

अगं ऐक ना. ऐक. मामाने आम्हाला जी गाडी विकली… हो, तीच, पांढरी. ती चालत नाहीये. … म्हणजे चालते. पण अक्षरशः चालते, पळत नाही. काल भोसरीच्या उड्डाणपुलावर आम्हाला रिक्षाने मागे टाकलं. माणसं बाहेर लोंबकळतायत अशी भरलेली शेअर रिक्षा, पुनम! मागे बसलेल्या एका आजींनी मला टाटा केला.

… हसू नकोस. … हसलीस तू, ऐकू आलं मला.

… हो, दाबतात ना ॲक्सिलरेटर. पप्पा पाय खालपर्यंत नेतात. गाडी नुसती घुमते आणि मागून काळा धूर. सपाटीला कशीबशी जाते, चढ आला की जीव जातो तिचा. आणि समोर दिवे. … दोन. एक पिवळा, इंजिनाच्या चित्राचा, मला आधी ती विहिरीवरची मोटर वाटली. दुसरा घसरणाऱ्या गाडीचा, खाली नागमोडी रेघा. घसरायला आधी वेग लागतो, हे त्या दिव्याला कोण सांगणार?

… नसतील लागत तुमच्याकडे. मी कुठे म्हणाले लागत होते? उलट तेच म्हणतेय मी. तुमच्याकडे राजगुरुनगरला असताना एक दिवा नाही, आणि इथे आमच्या चऱ्होलीत आली की दिवाळी! कसं काय? … वर्गातला एक जण सांगत होता, विकायच्या आधी मशीन लावून दिवे पुसून टाकतात. थोडे दिवस गाडी गुणी बाळासारखी वागते, मग पुन्हा मूळ स्वभाव.

… ओरडू नकोस. मामाने केलं असं म्हणाले का मी? मी म्हणाले, करतात. … हो, 'करतात'मध्ये मामा येतो की नाही, ते तू बघ.

बरं, मग एक सांग. एवढी चांगली होती तर विकली कशाला? … टेम्पो घ्यायला. हं. … 'हं' म्हणजे हं. … कांद्याला टेम्पो लागतो, मान्य. पण घाई का केली इतकी? … काय? … दसऱ्याच्या आधी पाहिजे म्हणून पप्पाच मागे लागले होते? … मामा दिवाळीनंतर देतो म्हणत होता? … हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

… थांब, हे लक्षात ठेवतेय.

अगं दाखवली ना गॅरेजला! भोसरीत तो कुलदीप आहे ना, त्याच्याकडे. त्याच्याकडे दिवाळीची ही गर्दी. दारातच वायर जोडली, मोबाईलवर बघितलं आणि म्हणाला, इंजिनाला हवा कमी मिळतेय, टर्बो खोलावा लागेल, दिवाळीनंतर आणा. … टर्बो म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा, असं म्हणाला. मला त्याचाही संशय आहे. बॉनेट उघडून डोकावलासुद्धा नाही. डॉक्टरने पेशंटला रिक्षातून उतरवलंच नाही, आणि म्हणे ऑपरेशन!

… नाही, मस्करी नाही पुनम. आता खरं सांगते. पप्पा नाइट करून आलेत, झोपलेत. उठले की गाडी घेऊन तुमच्याकडे येणार. … पाहुणे म्हणून नाही गं. गाडी परत करायला. काल म्हणाले, 'त्याच्या दारात लावतो आन चावी उंबऱ्यावर ठेवतो. येक शब्द बोलणार न्हाई.' आणि आई… आई म्हणाली, यंदा भाऊबिजेला दादाला ओवाळणार नाही.

… हो, आईच म्हणाली. … शांतपणे. तेच वाईट. ओरडली असती तर मला जेवण गेलं असतं.

… पुनम? … रडतेयस? … आई फोन उचलत नाही म्हणून मामा कालपासून अंगणातच बसून आहे? … अगं, मला काय आनंद होतोय का! दर भाऊबिजेला मी तुमच्याकडे असते. यंदा कुठे जाऊ, भोसरीच्या पुलावर? पण खरं काय ते कळायला नको?

… काय? … मी? बॉनेट मी उघडू? … का नाही येणार! म्हणजे येत नाही, पण येईल. थांब, चावी घेते. आईची पाठ आहे इकडे. … घेतली. जिन्यात आहे. … लिफ्ट नको, तिथे फोन कट होतो, मग तू म्हणशील मुद्दाम ठेवला.

… आले पार्किंगमध्ये. उभी आहे बघ कशी साळसूद.

… स्टिअरिंगच्या खाली, उजव्या गुडघ्याजवळ. खटका. … ओढला! … अय्या, हे टाकीचं झाकण उघडलं. … त्याच्या शेजारचा? … हां, पुढे खट्ट झालं. … उचलतेय. … नाही उचलत. … फटीत बोटं घालून आतली कडी सरकवायची? आधी सांगायचं ना! तुला गं कसं माहीत एवढं? … दर रविवारी मामाबरोबर ऑइल बघायचीस? … पाणी, बेल्ट, सगळं? … हं. … हा 'हं' वेगळा होता, रडू नकोस.

उघडलं! दांडी लावली. वॉचमनकाका बघतायत. … काही नाही काका, शाळेचा प्रोजेक्ट आहे!

… सांग. … काळी चौकोनी पेटी. आहे. … हिच्यात हवा गाळली जाते, बरं. … पेटीतून एक जाड नळी पुढे जाळीकडे जाते. दिसली. हिच्या तोंडातून हवा आत घेते गाडी? … हात घालते. … ई, किती धूळ. … तोंड कुठाय? … इथे तर… पुनम. … पुनम, तोंड बंद आहे.

… बंद म्हणजे बुजवलंय! जाड प्लास्टिक, वरून टेप. एका बाजूची टेप सुटलीय आणि प्लास्टिक आत ओढलं गेलंय. पिशवी तोंडाला लावून श्वास घेतल्यावर कशी आत येते, तसं. … हो ना! हळू चालवली की फटीतून थोडी हवा मिळते, आणि जोरात दाबलं की हे प्लास्टिक चिकटून बसतं. अगं, श्वास कोंडलाय तिचा!

बघ! म्हणत होते ना मी! कुणीतरी मुद्दाम चिकटवलंय हे. आणि गाडी कुणाकडून आली? विचार आता मामाला, विचारच… … टेप कसली? तुला काय करायचंय? … पिवळट. कागदासारखी. … रंगवाले लावतात तसली, हो. … तुमच्या घरात कधी नव्हती? तू असंच म्हणणार. आरोपीची मुलगी आणखी काय… … थांब.

… थांब जरा.

… आहे, आहे मी लाइनवर. … टेपचं टोक दुमडलंय. … टोक गं, शेवटचं. आत दुमडून छोटी जीभ केलीय. काढणाऱ्याला नखाने खरवडत बसायला लागू नये म्हणून.

… माझ्या वह्यांच्या कव्हरांना अशीच जीभ असते. साखरेच्या पुड्याला असते. आमच्या घरात टेपचं एकही टोक सरळ नाही.

… पप्पांचं कामच ते आहे, पुनम. चाकणला, कंपनीत. पार्ट धुवायला आणि रंगाला जायच्या आधी त्याची सगळी भोकं, सगळी तोंडं टेपने बुजवायची. मी जन्मले नव्हते तेव्हापासून तेच करतायत.

आणि दसऱ्याला पूजेच्या आधी गाडी धुतली त्यांनी. … आतून, बाहेरून, इंजिनसुद्धा. शेजारच्यांचा प्रेशरचा पंप आणला होता. इंजिनात पाणी जाऊ नये म्हणून बुजवलं असणार. … विसरले कसे म्हणजे? अगं, विसरले नाहीत. तिथे ते काढतच नाहीत! लावायचं पप्पांनी, काढायचं पुढच्या स्टेशनवरच्या माणसाने. जीभ दुमडली की पप्पांचं काम संपलं, हात पुढच्या पार्टवर. आता घरी कुठलं पुढचं स्टेशन? हार घातला, नारळ फोडला, आणि आपट्याची पानं घेऊन सगळे बाहेर.

… हो. … हो, चूक पप्पांची. … म्हणाले ना! किती वेळा वदवून घेणारेस? … माझीही. तुला आरोपीची मुलगी म्हणाले ते… ते परत घेते. … मामाची माफी मागेन. … 'मागेन' नाही, मागते.

पण अगं ऐक ना. ऐक. मी काय म्हणते, हे आत्ता ओढून काढते आणि कचऱ्यात टाकते. गाडी पळायला लागेल. परत करायचं कारणच उरणार नाही. आपोआप बरी झाली म्हणायचं. कुणाचंच नाव नको यायला. … कळतंय मला. … कळतंय गं. मग मामा कायमचा फसवणाराच राहील. आई ताट घेऊन उभी राहील, ओवाळेलसुद्धा, आणि मनात तेच. … पण पप्पांचं काय? त्यांच्या हातून एक भोक उघडं राहिलं नाही म्हणून कंपनीत त्यांचा फोटो लावलाय, आणि त्यांना हे मी सांगू? मी? मलाच तर परवा म्हणाले, आपला हात नीट तर जग नीट…

श्श. चप्पल वाजतेय जिन्यात. … पप्पा. ठेवू नकोस. ऐक नुसतं, बोलू नकोस.

… पुनम आहे, पप्पा. … मीच उघडलंय. … नाही, काहीसुद्धा हलवलं नाही, शप्पथ. तुम्हीच बघा. तिथे, जाळीच्या मागे.

… बघतायत. … अजून बघतायत. … त्या जिभेवर अंगठा ठेवलाय. … ओढली. एका ओढीत सगळं आलं, कुठे फाटलंसुद्धा नाही. … घडी घालतायत त्याची. … खिशात टाकलं. बॉनेट लावलं.

… पप्पा, आता नाही ना परत करायची? … पुनम, म्हणाले, 'आईला बोलव. जायचं ठरलंय तर जायचं.' एवढंच. खिशात का टाकलं असेल गं? डस्टबिन समोरच होती.

धर हं, आईला हाक मारते. … आई! पप्पा बोलवतायत, निघायचंय!

… हं, आहेस ना? बसले मागे. हळू बोलते आता. आई पुढे आहे, तोंड खिडकीकडे. … कुणी नाही आई, शाळेतली आहे. … भूगोल.

… पुनम, पळतेय! गेटमधून निघाली ती अशी… धूर नाही, घुमणं नाही. देहू-आळंदी रस्त्याला लागलो पण! रिक्षा मागे टाकली, पुनम, रिकामी होती पण रिक्षा होती! … नाही, आईच्या लक्षात कुठलं येतंय, ती रागात आहे. … दिवे? लागलेलेच आहेत दोन्ही. … थोडे दिवस चालवल्यावर जातील? बरं. पण आईला तेच दिसतायत ना! आत्ता म्हणाली, 'बघा, अजून तसेच. आज दादाला विचारणारच, बहिणीला फसवून काय मिळवलंस.'

… पप्पा? आरशात माझ्याकडे बघितलं आणि नजर काढून घेतली.

पुनम, मला आता पप्पांचाच संशय येतोय. … नाही सांगणार ते. तुमच्या दारात जाऊन आई पेटेल, मामा मान खाली घालेल, आणि हे खिशात हात घालून उभे राहतील. … मी सांगू? … का नको? … त्यांचं त्यांना सांगू दे. आणि नाहीच सांगितलं तर? … बरं. चाकणच्या चौकापर्यंत थांबते. तिथल्या ट्रॅफिकमध्ये सगळं महाभारत सांगून होतं. पण त्याच्या पुढे नाही हं, पुनम, त्याच्या पुढे मी…

थांब. … गाडी हळू झाली. … नाही गं, पॉवर नाही गेली. पप्पांनीच बाजूला घेतली. … आई म्हणतेय, 'पडली ना बंद?' … पप्पांनी चावी काढली. … खिशात हात घातला. … आईच्या ओंजळीत ठेवलं ते. … म्हणाले, 'मी लावलं हुतं. काढायचं ऱ्हायलं. दादानं काय केलं न्हाई.'

… मी उतरतेय खाली. … उतरले. दार लावलं. … नाही, ऐकू येत नाही, काचा वर आहेत. … नाही पुनम, मला नाही ऐकायचं. … आई ते प्लास्टिक उलटंसुलटं करून बघतेय. … पप्पा बोलतायत, खाली मान घालून. … आईने तोंडाला ओढणी लावली. खांदे हलतायत तिचे. … नाही गं, रडतेय का हसतेय, कळत नाही. … आता पप्पांचेही हलतायत.

… काच खाली केली आईने. … हो आई? … पुनम, म्हणतेय, 'अशी रिकाम्या हातानं कशी जाऊ मी दादाकडं? वळवा गाडी.' … उशीर होईल गं आम्हाला. … हो, येतोय. नक्की येतोय. ठेवते.