बॅग एकदाच उघडते

इद्रीस : रडगाणं नको, यहया. पासपोर्ट कपाटात आहे. मी काय गिळलाय?

यहया : मग द्या ना, मामू. सोमवारी अबू धाबीच्या ऑफिसात जॉइन व्हायचंय. ओरिजनल बघितल्याशिवाय ते पुढे सरकणार नाहीत.

इद्रीस : चार वर्षं माझ्या टाइल्सच्या दुकानात धंदा शिकलास, आणि टाय लावणार दुसऱ्याच्या दारात!

यहया : कामगाराचा पासपोर्ट ठेवून घेणं इथं चालत नाही, मामू.

इद्रीस : जा ना मग पोलिसात. फक्त आधी रत्नागिरीला अम्मीला फोन लाव. सांग, तुझ्या भावाला आत टाकतोय.

यहया : तसं नाही म्हणालो मी.

इद्रीस : मग खेळू या. बॅगेचा खेळ आठवतो?

यहया : सुट्टीवर गावी आलात की बॅग उघडायचात आणि झटकन बंद. कोणती वस्तू कुठं होती ते बरोबर सांगेल, त्याची ती.

इद्रीस : आणि तू?

यहया : मी कधीच जिंकलो नाही. तुम्ही फरदीनला आधीच सांगून ठेवायचात.

इद्रीस : बाप आहे मी त्याचा. तर, आज हे कपाट म्हणजे बॅग. आत दुकानाचा शिक्का, गोदामाच्या किल्ल्या आणि तुझा पासपोर्ट. तिन्ही कुठं ते सांग, घेऊन जा. यल्ला, बघ!

(कपाटाचं दार उघडतं, लगेच आपटतं.)

इद्रीस : बोल.

यहया : पासपोर्ट मधल्या कप्प्यात, उजवीकडे.

इद्रीस : शिक्का?

यहया : त्याच्या शेजारी.

इद्रीस : किल्ल्या?

यहया : त्याही... तिथंच. पासपोर्टला लागून.

इद्रीस : वा! सगळं कपाट पासपोर्टभोवती मांडलंस. शिक्का वरच्या कप्प्यात आहे, किल्ल्या पार खाली. जीव जिथं अडकतो ना, नजर सगळा माल तिथंच ओढून आणते. गिऱ्हाइकाचंही तेच. एक टाइल मनात भरली की बाकीच्या कुठं होत्या विचार, सगळ्या तिच्याच शेजारी दाखवतं.

यहया : पण पासपोर्ट तर बरोबर सांगितला!

इद्रीस : तो फरदीनचा. तुझा खाली, किल्ल्यांजवळ. सगळ्यांचे निळेच असतात, हबीबी.

यहया : मामू, अजून एकदा उघडा. एकदाच.

इद्रीस : बॅग एकदाच उघडते. तेव्हाही तू अस्साच रडवेला व्हायचास.

यहया : तेव्हा हरलो तरी एक चॉकलेट द्यायचात.

इद्रीस : गल्ल्याजवळ बरणी आहे. घे एक, आणि शटर ओढ.