काचेच्या भांड्यात काय शिजतं

आदरणीय अध्यक्षमहोदय, विभागप्रमुख बाई, मंचावरचे गुरुजन आणि माझ्या मुलांच्या वयाचे माझे वर्गमित्रहो,

जैवरसायन विभागातले वाफ थंड करणारे कंडेन्सर, दुहेरी भिंतींची पात्रं, प्रथिनं गाळायच्या उभ्या नळ्या आणि आत्ता अध्यक्षांसमोर पाण्याचा आहे तो चंबूसुद्धा, हे सगळं मी, इथल्या काचकारागिरानं, काच तापवून या हातांनी आणि या फुंकरीनं घडवलं. कुणी शिकवलं नाही. बोटं भाजत गेली, हात बसत गेला.

मग पंचेचाळिशी उलटल्यावर त्याच विभागात विद्यार्थी व्हायची दुर्बुद्धी का झाली? बायको म्हणाली होती, "अहो, जन्मभर दुसऱ्यांच्या स्वयंपाकाची भांडी घडवलीत. एकदा आत काय शिजतं तेही बघा." बघितलं. सकाळी ज्योतीपुढे, दुपारी वर्गात, संध्याकाळी डोळ्यांवर पेंग. खरं सांगतो, थकलो.

शेवटच्या सत्रात आम्हा चौघांच्या गटाला बटाट्यातून एन्झाइम वेगळं काढायचं होतं. आठवडाभर शीतखोलीत कुडकुडलो. आणि अगदी शेवटच्या टप्प्यावर आमच्या गटातल्या लांब मानेच्या 'उंटा'नं (ते बघा, तीच मान खाली घालून बसलेत) नळी औषधाच्या बाटलीसारखी खळखळा हलवली. वर पांढरा फेस. प्रथिनाला फेस सोसत नाही. एन्झाइम मेलं.

त्याच दुपारी काचसामानाच्या एका कंपनीचा फोन आला: सोमवारी रुजू व्हा, नाहीतर जागा दुसऱ्याला. इकडे सोमवारीच नव्यानं सुरुवात केली तर काम वेळेत होणार होतं, आणि शीतखोलीतल्या पाळ्या तिघांच्यानं निभणाऱ्या नव्हत्या. गटातली मुलगी म्हणाली, "काका, तुम्ही जा. आम्ही करू काहीतरी."

"काहीतरी म्हणजे काय? बटाटे आणा. आणि साल पातळ काढा."

उंट पुटपुटला, "सालीचं काय एवढं, काका?"

"एन्झाइम सालीलगतच जास्त असतं. शिवाय जाड साल मला बघवत नाही."

दुसऱ्या खेपेला एन्झाइम जिवंत निघालं. मीच फुंकलेल्या नळीत बिनरंगी पाणी, चिरून ठेवलेला बटाटा काळवंडतो तसं, हळूहळू तपकिरी होत गेलं. चौघंही नुसते बघत राहिलो. पदवी पदरात पडली ती त्यानंतर.

बाईंचे, या तिघांचे आणि घरी जेवण झाकून ठेवणारीचे आभार. बोलताना कुठे कड बोचली असेल, तर ती घासायची राहून गेली असं समजून पोटात घाला.

जाता जाता, गट इतके दिवस विचारतोय म्हणून सांगतो. मी नाकारलं ते हे: कार्यशाळाप्रमुखाची जागा, राहायला घर आणि महिना नव्वद हजार.