अंगठा लावल्याशिवाय आग विझत नाही

...नाही, पण त्या बाहेरून आलेल्या कोटवाल्याने आम्हाला शिकवलं काय, ते तरी कुणी सांगा. दोन तास पडद्यावर चित्रं दाखवली, आग विझवायचं लाल नळकांडं हातात देऊन सगळ्यांचे फोटो काढले, प्रमाणपत्रं वाटली आणि गेला. माझं प्रमाणपत्र आहे अजून. त्यात मी नळकांडं उलटं धरलंय, आणि तो शेजारी उभा राहून हसतोय.

तुम्हाला सांगतो, आमचा छापखाना म्हणजे पेटायचं तर अगदी तयारीत बसलेला. खाली मशिनं, मधे ऑफिस, वर बाइंडिंग, आणि त्याला लागून माझं कागदाचं गोदाम. माणसं बासष्ट. जिना एवढा अरुंद की समोरून जाडा मिस्त्री आला की आपण भिंतीला पोस्टर होतो. तर बंबवाले साहेब तपासणीला आले, जिना बघितला, छताला लागलेल्या कागदाच्या रिमा बघितल्या आणि म्हणाले, "महिन्याने परत येतो. भोंगा वाजल्यापासून चार मिनिटांत सगळी इमारत रिकामी दिसली पाहिजे. नाही दिसली तर वरचा मजला सील." वरचा मजला म्हणजे बाइंडिंगची बावीस माणसं हो. त्यांना बसवायला दुसरी वीतभर जागा नाही. सील म्हणजे घरीच.

आमचे मोठे साहेब म्हणाले, आता बाहेरचा नको, आपलं आपणच ट्रेनिंग तयार करू. करू म्हणजे कुणी? सगळ्यांनी एकदम बुटाच्या नाड्या बांधायला घेतल्या. मी तर चपला घालतो, तरी वाकलो. वाकली नाही ती एकटी आमची फोनवाली ताई. दिवसभर "एक मिनिट हं, जोडून देते" एवढंच बोलणारी. आवाज असा बारीक, की तिने "आग" म्हटलं तर लोक म्हणतील, "माग? काय माग?" साहेब म्हणाले, "ताई, तुम्ही बघा." झालं, ठरलं. आम्ही म्हटलं, गेला वरचा मजला.

तिने पहिल्या दिवशी काही शिकवलंच नाही. नुसता भोंगा वाजवला आणि घड्याळ घेऊन कोपऱ्यात उभी राहिली. आम्ही निघालो की उतरायला. अगदी शिस्तीत. आणि खाली येऊन दाराशी रांग लावून थांबलो. का? तर तिथे हजेरीचं मशीन. अंगठा लावल्याशिवाय बाहेर पडलं की अर्धी रजा लागते ना आमच्यात. पुढे होता बाइंडिंगचा मिस्त्री. तीस वर्षं खळ लावून लावून त्याच्या अंगठ्यावर रेघ म्हणून उरलेली नाही. मशीन म्हणतंय, "कृपया पुन्हा अंगठा लावा." हा लेंग्याला पुसतोय, परत लावतोय. "कृपया पुन्हा अंगठा लावा." मागे साठ माणसं, सगळ्यांच्या मागे कल्पनेतली आग, आणि मधूनच एक जण म्हणतो, "घाई काय आहे, अजून पहिल्या मजल्यावरच असेल." अकरा मिनिटं लागली. अकरा. आणि ताईच्या चेहऱ्यावर राग म्हणाल तर नाही. वहीत लिहून घेतेय, जसं काही आम्ही फार मोलाचं काही केलंय. तुम्हीच सांगा, अशा बाईला काय म्हणायचं?

मग पंधरा दिवस ती नुसती सगळ्यांच्या मागे वही घेऊन. भोंगा वाजला की कोण कशासाठी मागे फिरतो, एवढंच. प्रूफवाले काका चष्म्यासाठी फिरतात, त्यांच्या चष्म्याला दोरी आली. शिवणकामाच्या मावशी डब्यासाठी फिरतात. त्यांना आम्ही सतरांदा सांगितलं, मावशी, डबा जळू द्या. त्या म्हणाल्या, "तुमचा जळू दे, माझा सुनेने दिलेला आहे." ताईने वाद घातला नाही. गेटजवळ एक फळी ठोकून घेतली, सगळ्यांचे डबे सकाळी तिथेच. आता मावशी भोंगा वाजला की सगळ्यात पुढे पळतात. डब्याकडे.

आणि मशीन? गेली साहेबांकडे, म्हणाली, "ते दारातलं मशीन समोरच्या मैदानापलीकडे गेटच्या खांबावर लावा."

"अहो ताई, पावसात भिजेल."

"भिजलं तर पुसता येईल, साहेब."

एवढंच. साहेबांनी वायरमनला फोन लावायला सांगितला. तोही तिनेच जोडून दिला. आता बघा हं, ज्या अंगठ्यासाठी आम्ही दारात अडकत होतो, त्याच अंगठ्यासाठी आम्ही मैदान ओलांडून धावायला लागलो. वर मशीन मोजतंय, आले किती, राहिले किती. खांबाला एक ओलं फडकं बांधलं, खास मिस्त्रीच्या खळीसाठी. माणसाला सुधारायच्या फंदात पडलीच नाही ती. माणूस आहे तसा ठेवला आणि खांब हलवला. अशा बाईला काय म्हणायचं?

आता माझं सांगतो. हसू नका. तपासणीच्या दिवशी मी लपलो.

अहो, सवय. अडतीस वर्षं या छापखान्यात कुणाच्या चपला लपवल्या, कुणाच्या खुर्चीला खळ लावली. म्हटलं, बघू या, बासष्टातला एक कमी झाला तर या बाईला कळतं का. भोंगा वाजला, मी तिसऱ्या रॅकमागे, दोन रिमांच्या मधे. बाहेर पावलं धडधडली, जिन्यावरून गेली, आणि मग सगळं गप्प. मी फटीतून पाहिलं. अर्ध्या शिवलेल्या वहीत सुई तशीच, खळीचा डबा उघडा, पंखा एकटाच फिरतोय. आणि तुम्हाला खरं सांगतो, हसू येईना. म्हटलं, सील झाल्यावर हा मजला असाच दिसेल की. आणि तो माझ्यामुळे होईल. उठावं म्हटलं तर गुडघा धरलेला.

तेवढ्यात पावलं आली. सरळ. इकडेतिकडे नाही, हाक नाही, सरळ तिसऱ्या रॅकमागे.

"नाना, उठा. एक मिनिट वीस सेकंद आहेत."

हात धरून उठवलं, जिन्यावरून उतरवलं, मैदानातून चालवलं. मी धापा टाकतोय, बंबवाले साहेब घड्याळाकडे बघतायत, बावीस माणसं माझ्याकडे बघतायत, मिस्त्री तर असा बघतोय की आग लागलेली बरी. अंगठा लावला. "कृपया पुन्हा अंगठा लावा." कागदाची धूळ हो. ताईने फडकं घेतलं, लहान मुलाचा पुसावा तसा अंगठा पुसला, धरून टेकवला. बासष्ट. तीन मिनिटं अठ्ठावन्न सेकंद.

बंबवाल्या साहेबांनी सही केली. वरचा मजला राहिला.

मी संध्याकाळी माफी मागायला गेलो, तर तिने वहीतलं माझं पान पुढे केलं. 'गोदामवाले नाना. लपतील. तिसरा रॅक, रिमांच्या मधे. गुडघा दुखतो. एक मिनिट जास्त धरणे.' तारीख? दहा दिवस आधीची.

म्हटलं, "अगं, माहीत होतं तर आधीच दम का नाही दिलास?"

"मग तुम्ही दुसरीकडे लपला असता, नाना."

म्हणजे माझी खोडी धरून हिने चार मिनिटं बेतली होती. अडतीस वर्षांत माझा असा अभ्यास बायकोनेही केला नाही. तुम्हीच सांगा, अशा बाईला काय म्हणायचं?

आणि थांबली का तिथे? नाही. म्हणाली, "लपायच्या सगळ्या जागा तुम्हालाच ठाऊक, तेव्हा वरच्या मजल्याचे वॉर्डन तुम्ही." केशरी जाकीट चढवलं, गळ्यात शिट्टी अडकवली आणि बाइंडिंगला नियम घालून दिला, नाना जाग्यावरून उठले की सगळ्यांनी उठायचं, प्रश्न विचारायचा नाही. पाठ करून घेतलंय त्यांच्याकडून. आता मी साधा पाणी प्यायला उठलो तरी बावीस माणसं हातातलं काम टाकून रांगेने जिना उतरतात, मैदान ओलांडतात आणि अंगठा लावून उभी राहतात... आणि मी तहानलेला त्यांच्या मागे, कारण वॉर्डनने शेवटी उतरायचं असतं.