थोरलीची माफी

...आणि वर मलाच म्हणतात, "ताई, जरा मनापासून माफी मागा!" मनापासून! म्हणजे करू काय? गुडघे टेकू? कुठे टेकू? ती रेकॉर्डिंगची खोली तुम्ही बघितली नाहीत म्हणून, अहो, त्यात माइक, कागदाचा स्टँड आणि मी, एवढंच मावतं, चौथं काही आणायचं तर मला बाहेर जावं लागेल! हातातलं घड्याळसुद्धा काढून ठेवायला लावतात, त्याची टिकटिक येते म्हणे. मागच्या वेळी माझं पोट गुरगुरलं तर त्याचाही रीटेक झाला. आणि तिथे उभं राहून, उपाशी, घामाघूम, मी मनापासून माफी मागायची. कुणाची? तर माझ्यापेक्षा लहान असलेल्या एका साळिंदराची!

थांबा, पहिल्यापासून सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल ही बाई कोण आणि एवढी तापलीय कशाला. तर मी डबिंग करते. परदेशातून कार्टूनचे सिनेमे येतात ना, जनावरं बोलतात ते, त्या जनावरांच्या तोंडी आपली भाषा घालायची. त्यातली एक मालिका आहे साळिंदरांच्या राज्याची. तीन भाग येऊन गेले, चौथा आत्ताच आला. घरात दहा वर्षांखालचं पोर असेल तर तुम्ही पाहिलेच आहेत, उगाच मान हलवू नका. त्यात एक राजा आहे, गोल डोळ्यांचा, गोंडस, त्याचे काटेसुद्धा मऊ दिसतात. आणि त्याला एक दुष्ट बहीण आहे. काळेकुट्ट काटे, एक भुवई कायम वर, आणि आवाज असा घोगरा की पहिल्या रांगेतली पोरं आईच्या मांडीवर चढतात. तो आवाज माझा! नऊ वर्षं झाली. बँकेत मी "पेन आहे का?" म्हटलं तर रांगेतलं एक कार्टं भोकाड पसरून रडलं, आणि त्याची आई माझ्याकडे कौतुकाने बघत म्हणाली, "अय्या, त्याच तुम्ही?"

पण आता मला सांगा, ती दुष्ट का झाली? हे विचारलंत कधी? पहिला सिनेमा आठवा. म्हातारा राजा आजारी. त्याला दोन पोरं. थोरली लेक अकरा वर्षं राज्याचा कारभार बघतेय, बिळं कोरून घेतेय, नदीवरचा बांध सांभाळतेय, थंडीचं धान्य भरून ठेवतेय. आणि मग जन्माला येतं शेंडेफळ. आल्याबरोबर काय होतं, तर आभाळातून उजेडाचा झोत त्याच्या टाळक्यावर पडतो! झालं! सगळी प्रजा गुडघ्यावर. "हाच आपला राजा!" अहो, ढग बाजूला झाला असेल! दुपारची वेळ होती! ती आली तेव्हा पाऊस असेल, त्याला ती काय करणार? पण नाही. झोत पडला, राजा ठरला, विषय संपला. थोरली कोण होती, हे विचारा ना कुणीतरी!

नाही, तिने नंतर जे केलं ते केलं, मी पांघरूण घालत नाही. बांध फोडला, पूर सोडला, अर्धं राज्य वाहून गेलं. ते चुकलंच. दुसऱ्या भागात कोल्ह्यांशी संधान बांधलं, तेही चुकलं. तिसऱ्यात तर तिने राजाला कड्यावरून ढकललं, तेव्हा मीसुद्धा माइकसमोर म्हटलं, अगं बाई, जरा अति होतंय. पण प्रत्येक भागाच्या शेवटी तिला शिक्षा झाली ना? पहिल्यात नदीत, दुसऱ्यात खाईत, तिसऱ्यात बर्फात. तीन वेळा मी किंचाळत खाली गेलेय, प्रत्येक किंकाळी वेगळी, नंतर दोन दोन दिवस घसा धरलेला आणि कोमट पाण्याच्या गुळण्या.

आता तुम्ही म्हणाल, बाई, साळिंदरासाठी एवढा जीव का जाळताय? तर सांगूनच टाकते. आमच्या वडलांचं चष्म्याचं दुकान होतं. गल्लावर अकरा वर्षं कोण बसलं? मी. काचा घासायला कोण शिकलं? मी. गिऱ्हाइकाच्या नाकावर चष्मा ठेवून, डावा कान थोडा वर आहे, दांडी वाकवायला लागेल, हे एका नजरेत कोण ओळखायचं? मीच! माझा भाऊ माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. तो कॉलेजातून बाहेर पडला त्या दिवशी वडलांनी दुकानाच्या किल्ल्या त्याच्या हातात ठेवल्या. माझ्यासमोर. मी तेव्हा एका आजींच्या फ्रेमला स्क्रू बसवत होते. वडील म्हणाले, "तू आता दमलीस गं." मी दमले नव्हते! पण मी काय केलं? पूर सोडला? अहो, मी नळसुद्धा उघडा ठेवला नाही. स्क्रू बसवला, आजींना चष्मा दिला, पर्स उचलली आणि आले निघून. भाऊ वाईट नाही हो, गुणी आहे, आजारपणात धावून येतो. पण दुकानाबद्दल एक अक्षर नाही. वीस वर्षांत नाही. त्याला कधी वाटलं असेल का, की थोरली कोण होती?

तर चौथा भाग. मी उड्या मारत गेले, म्हटलं या वेळी काय फोडायचं, कुणाला ढकलायचं? आणि हातात कागद पडला. आम्हाला पूर्ण गोष्ट देत नाहीत, ज्याला त्याला आपापली वाक्यं. कानात परदेशी आवाज वाजतो, समोर चित्र, त्यावर आपण बोलायचं. राजाचं काम करणारा माणूस वेगळा येतो, वेगळ्या दिवशी. नऊ वर्षं मी त्याचा छळ केला आणि भेट एकदाच, पाण्याच्या कूलरपाशी. "तुम्ही किती साध्या दिसता हो ताई!" म्हणाला. बरं, तर कागद वाचला. शेवटचा प्रसंग. थोरली राजापुढे येते, रडते आणि माफी मागते. पुराची, कोल्ह्यांची, कड्याची. इथपर्यंत ठीक, मागू की! पण शेवटचं वाक्य ऐका. "सिंहासन जन्मापासून तुझंच होतं, बंधो, तूच खरा राजा आणि मी तुझी दासी." दासी! आणि हे ती त्याला मिठी मारून म्हणते. साळिंदराला मिठी! कुणी मारलीय का आजवर?

डबिंगचे आमचे दिग्दर्शक, त्यांना आम्ही मागे 'ओठ-लांबी' म्हणतो. कारण त्यांचे जगात दोनच प्रश्न. ओठ जुळले का? लांबी बसली का? पडद्यावरच्या जनावराचं तोंड मिटलं की आपलं वाक्य मिटलं पाहिजे, ते उघडं असेपर्यंत आपण बोलत राहिलं पाहिजे, बस्स. पण त्या दिवशी त्यांना कुठून भावना सुचल्या कोण जाणे! पहिला टेक झाला. "ताई, ही माफी आहे, नोटीस नाही." दुसरा. "ताई, तुम्ही माफी मागताय की मागवताय?" सहावा. "ताई, राजा घाबरेल." अकराव्याला मी इतकं गोड बोलले की काचेपलीकडे बसलेले आमचे रेकॉर्डिस्टकाका खुर्चीतल्या खुर्चीत मागे सरकले, म्हणाले, "हे जास्त भीतीदायक आहे." कारण पुराची माफी घशातून निघत होती, पण त्या दासीपाशी आलं की आवाज अडायचा. आपोआप! मी नाही हो अडवत!

सतराव्या टेकला ओठ-लांबींनी हेडफोन काढले. "ताई, अर्धा तास घ्या. जमलं तर बघा. नाहीतर दुसऱ्या एक बाई आहेत, त्यांचा आवाज जरा... प्रेमळ आहे. चारही भाग त्यांच्याकडून नव्याने भरून घेऊ, परदेशातल्या वरच्यांची परवानगी आहे." चारही भाग! म्हणजे माझा पूर पुसणार, माझ्या तिन्ही किंकाळ्या पुसणार! नऊ वर्षांची माझी थोरली, आणि तिच्या तोंडात कुणाचातरी प्रेमळ आवाज! या आवाजाला दुसरं कोण काम देणार होतं? मी एकदा साबणाच्या जाहिरातीला गेले होते, तर म्हणाले, बाई, ग्राहक आंघोळ सोडून पळेल!

जिन्यात येऊन बसले. तेवढ्यात भावाचा फोन. फोनवर भाची, वय वर्षं सात, हुंदके देतेय. "आत्या, त्याने माझी रंगपेटी तोडली." तो म्हणजे तिचा धाकटा भाऊ, वय तीन. "मी त्याला ढकललं. आई म्हणते, तू मोठी आहेस ना, सॉरी म्हण."

"मग म्हटलंस का?"

"ढकलल्याचं म्हटलं. पण आई म्हणते, रंगपेटी पण त्याची म्हण, म्हणजे तो रडायचा थांबेल. आत्या, रंगपेटी माझी आहे ना गं?"

तुम्हाला सांगते, मी जिन्यात उभी राहिले. म्हटलं, "तुझीच आहे, सोने. ढकलल्याचं सॉरी म्हटलंस ना? झालं. पुढे एक शब्द बोलू नकोस." फोन ठेवला, तोंडावर पाणी मारलं आणि तरातरा वर गेले.

"लावा प्रसंग," म्हटलं. "पहिल्यापासून."

काकांनी लावला. पूर, कोल्हे, कडा, सगळ्यांची माफी मागितली, मनापासून मागितली, ओठाला ओठ जुळवून. आणि मग आला तो शेवटचा शॉट. सतरा वेळा बघितला होता, अठराव्यांदा मला दिसलं! मिठीत थोरली पाठमोरी आहे हो! कॅमेरा तिच्या मागे, पडद्यावर नुसते काळे काटे, तोंड दिसतच नाही! आमच्या धंद्यात पाठमोरं जनावर म्हणजे मोकळं रान, त्याच्या तोंडी काहीही बसतं, फक्त लांबी सांभाळायची. सहा सेकंद. कागद बाजूला केला आणि राजाच्या कानात म्हटल्यासारखं, हळू, म्हटलं, "जे वाईट केलं त्याची माफी मागितली. सिंहासनाची नाही मागणार. थोरली मी होते, ते माझं होतं."

ओठ-लांबी मोबाइलमध्ये डोकं घालून बसले होते, त्यांनी वर न बघताच विचारलं, "ओठ?"

"दिसत नाहीत," काका म्हणाले.

"लांबी?"

"बसली." आणि काका काचेतून माझ्याकडे बघत होते. त्यांच्या पाठची पाच भावंडं आहेत, तेही थोरलेच, नंतर कळलं मला.

"मग लावा पूर्ण, राजासकट."

आता राजाचं काम आठवड्यापूर्वीच भरून झालेलं. त्याचं उत्तर काय आहे ते मला कुठे माहीत? काकांनी बटण दाबलं. माझा आवाज आला, "...ते माझं होतं." आणि पडद्यावर त्या गोंडस राजाचा चेहरा समोर आला, डोळे भरलेले, आणि तो म्हणाला, "मला ठाऊक आहे, ताई. मला पहिल्यापासून ठाऊक आहे."

अहो, कागदावरच्या वाक्याला ते उत्तर काय होतं? तूच खरा राजा, तर म्हणे मला ठाऊक आहे! केवढा तो माज! पण माझ्या वाक्यापुढे... मी त्या डबीएवढ्या खोलीत हमसून हमसून रडले. मला कुणी हे वाक्य म्हटलं नव्हतं हो. वीस वर्षांत नाही.

ओठ-लांबींनी मोबाइल खाली ठेवला. मग म्हणाले, "हे कागदावर नाहीये."

"नाही."

"वरच्यांना कळलं तर?"

"वरच्यांना आपली भाषा येते?"

त्यांनी डोकं खाजवलं. "ते ओठ बघतात," म्हणाले, "आणि लांबी." थोड्या वेळाने म्हणाले, "ओके." आणि जाता जाता, "हे रडू सकाळी आलं असतं तर माझं जेवण तरी झालं असतं, ताई."

राहिली! माझी थोरली माझ्याकडे राहिली! पहिल्या खेळाला मी भावाला सहकुटुंब घेऊन गेले, तिकिटं मी काढली, मुद्दाम त्याच्या शेजारची खुर्ची धरली. तो प्रसंग आला. माझं वाक्य आलं. भाचीने वळून धाकट्याच्या दंडावर एक चापट मारली, "ऐकलंस?" राजा म्हणाला, मला ठाऊक आहे. आणि मी बघते तर काय, माझ्या भावाने चष्मा काढला! दुकानातलाच. रुमालाने डोळे पुसले. म्हटलं, आता बोलणार. वीस वर्षांनी, इथे, या खुर्चीत, आता बोलणार हा!

दिवे लागले. त्याने माझा हात हातात घेतला. घसा साफ केला. म्हणाला, "ताई..."

"बोल रे."

"केवढं मोठं मन गं त्या राजाचं!"

...काय करणार? पर्स उचलली. म्हटलं, हो रे बाबा, फारच मोठं. चल आता, पार्किंगला गर्दी होईल.