एकटीचा भागाकार

वर्गात पोरं कमी असली की शिकवणं सोपं, असं तुम्ही म्हणता ना? मग ताडकळसजवळच्या माझ्या शाळेतलं ऐका. आमच्याकडे ज्ञानरचनावादानं शिकवतात. म्हणजे बाईंनी उत्तर सांगायचं नाही. मुलांनी गटात बसून, आपसात बोलून ते स्वतः शोधायचं. दिवाळीनंतर पोरं आईबापांबरोबर ऊसतोडीला गेली आणि माझ्या तिसरीत चुलत्याकडे राहिलेली मंगल तेवढी उरली.

त्या दिवशी भागाकार होता. मी तिला मूठभर चिंचोके दिले आणि म्हटलं, "सगळ्यांना सारखे वाट."

तिनं फरशीवर चार वाटे केले.

"हे कोणाकोणाचे गं?"

"एक माझा. बाकीचे अंजीचा, गोविंदचा अन् शारदाचा. आमचा गट हाय ना."

"पण ते तर उसाला गेलेत. आज तू एकटीच आहेस. मग तुला किती येतील?"

ती म्हणाली, "एकटीला वाटायचं कशाला, बाई? एकटीला भागाकार लागतच न्हाई."

शाळा सुटल्यावर पूर्णा गावातल्या माझ्या खोलीवर जाऊन मीही एकटीपुरताच भात टाकते. मी खुर्ची सोडली आणि तिच्यासमोर फरशीवर बसले.

"तुमी गटात बसायलात का, बाई?"

"घेतेस का मला?"

तिनं सगळे चिंचोके परत गोळा केले. एक तुमाला, एक मला, असं म्हणत वाटत गेली. उत्तर तिला केव्हाच कळलं असणार, तरी ती अगदी सावकाश वाटत राहिली. मीही घाई केली नाही.